पायी चालणाऱ्यास वाहनाने ठोकरले तर...



गळीत हंगाम चालू झाला की रस्ता आपला राहत नाही. उसाने भरलेल्या दुहेरी ट्रॉल्या, ट्रक, बैलगाड्या, आणि त्यांच्या कडेकडेने डेअरीला दूध घालायला निघालेली माणसे. एखादी गाडी कुणाला उडवते, चार माणसे जमतात आणि पाच-दहा हजारांवर प्रकरण जागीच मिटते. पाय मोडलेला माणूस मग वर्षभर खाटेवर. असा कागद कुणी करून देऊ नये.

1988 च्या मोटार वाहन कायद्याने जखमीला भरपाईचा हक्क दिलेला आहे. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे लावायचा. अपघात झाला त्या भागात किंवा आपण राहतो त्या भागात, कुठेही चालतो. मुदत सहा महिन्यांची. ही अट 1 एप्रिल 2022 पासून आली. तिच्यावर कोर्टात वाद झाले आहेत, पण त्या भरवशावर बसू नये.

पहिले काम फिर्याद. गाडीचा नंबर, पंचनामा, जखमांचा दाखला आणि औषधांची पावती न् पावती जपावी. समोरचा म्हणणारच, "म्हाताराच आडवा आला." जखमीची थोडी चूक निघाली तरी दावा बुडत नाही, त्या प्रमाणात रक्कम कापतात.

खरा घोळ उत्पन्नाचा. नोकरदाराकडे पगाराचा दाखला असतो. आपल्याकडे सातबारा आणि कारखान्याची ऊस बिले. विमा कंपनी विचारते, जमीन जागेवरच आहे, मग नुकसान कसले? 2003 च्या एका मृत्यूच्या दाव्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले, जमीन वारसांकडे राहते हे खरे, पण शेती पाहायला दुसरा माणूस ठेवावा लागतो. म्हणून आपण अंथरुणावर असताना गड्याला दिलेली मजुरी वहीत तारीखवार लिहून ठेवा.

दुसरे, डॉक्टरांनी लिहिलेले अपंगत्वाचे टक्के आणि कमाईतली तूट एक नव्हे, असे 2010 च्या निकालात आहे. डावा हात गेला तर कारकून टेबलावर काम करील, सुतार मात्र घरी बसेल. समजा वय 42, उत्पन्न महिना 12,000, कमाईतली तूट 40 टक्के. वर्षाचे झाले 57,600. 41 ते 45 वयाला गुणक 14, म्हणजे 8,06,400 रुपये. दवाखान्याचा खर्च आणि सोसलेल्या वेदनांचे वेगळे. आता जागच्या दहा हजारांशी ताडून पाहा!

गाडी पळून गेली, सापडलीच नाही, तर प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत अर्ज द्यावा. गंभीर जखमेस 50,000 व मृत्यूस 2 लाख रुपये मिळतात.

ट्रॅक्टरवाल्या सभासदांनीही ऐकावे. विमा संपलेला असेल तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. ड्रायव्हरला लायसन नसेल तर पुष्कळदा कंपनी जखमीला पैसे देते आणि मागून मालकाकडून वसूल करते. ट्रॉलीचा विमा आहे का, तेही आजच कागद काढून पाहा.

वकिलाच्या फीला घाबरून कुणी थांबू नये. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो. तालुक्याच्या कोर्टात चौकशी करावी. लोकअदालतीत तडजोड करायची असेल तर आकडा नीट पाहून सही करा, कारण त्या निवाड्यावर अपील नाही.