उंची आणि हाडांचे वय

दसरा उलटला की आपल्या बीड जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात, आणि त्याच सुमारास, निघण्यापूर्वी लेकराला एकदा दाखवून घ्यावे म्हणून आलेले आईबाप, किंवा मागे राहणारी आजी, ‘याची उंचीच भरत नाही, उंचीचे इंजेक्शन द्या’ अशी विनंती करतात. त्या विनंतीमागील काळजी खरी असते; परंतु इंजेक्शनाचा विचार करण्यापूर्वी मूल वर्षाकाठी किती वाढते आणि त्याच्या हाडांत वाढीची मुदत किती उरली आहे, याची खातरजमा झालीच पाहिजे.

गेल्या मोसमात धारूरकडील एका आजीने नातवाला आणले. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून, म्हणजे आपल्याकडील असंख्य मुलांची असते तीच. आजी म्हणाली, ‘कारखान्याचा पट्टा पडायच्या (हंगाम संपायच्या) आधी, फडातच झाला हा,’ आणि त्या साली कोणत्या कारखान्यावर कोयता होता हेही तिने आठवून सांगितले. त्यावरून मूल दाखल्यापेक्षा लहान निघाले. वय चुकले की उंचीचा अवघा हिशेब चुकतो. भारतीय बालरोग अकादमीने २०१५ साली आपल्या मुलांसाठी प्रसिद्ध केलेल्या तक्त्यावर, खरे वय धरूनही, तो सर्वांत खालच्या रेषेखालीच राहिला, तेव्हा त्याच्या डाव्या पंजाचा क्ष-किरण फोटो काढला.

त्या फोटोत बोटांच्या हाडांच्या टोकाशी जी बारीक काळी फट दिसते, ती फट नसून वाढीच्या कूर्चेची पट्टी असते. तेथे नवे हाड घडत असते, आणि वयात येताना स्रवणाऱ्या संप्रेरकांच्या प्रभावाने ती हळूहळू भरून येऊन अखेर नाहीशी होते. हाडांचे वय मुलीत सुमारे चौदा व मुलात सुमारे सोळा झाले म्हणजे उंची जवळजवळ संपते, आणि पट्ट्या मिटल्यानंतर कितीही पैसा ओतला तरी कोणतेही इंजेक्शन उंची वाढवू शकत नाही. या मुलाचे वय नऊ, हात मात्र सहा वर्षांच्या मुलाचा. मुदत उरली होती, ही समाधानाची गोष्ट. पण हाडे मागे राहण्यास कुपोषण, आतड्यांचा विकार, घराण्यातील उशिरा वाढण्याची प्रकृती, अशी अनेक कारणे असतात. कोरडी त्वचा, जुनाट बद्धकोष्ठता आणि रक्ताचा तपास यांवरून याचे कारण थायरॉइडची उणीव ठरले, आणि रोज सकाळी उपाशीपोटी एक लहानशी गोळी सुरू झाली.

वाढीच्या संप्रेरकाचीच खरी उणीव ज्यांना असते, त्यांना इंजेक्शनाने निःसंशय लाभ होतो. पूर्वी ते मृतांच्या मेंदूतळाच्या ग्रंथीतून काढीत, व त्यातून काहींना मेंदूचा प्राणघातक रोग जडल्याने ते १९८५ साली बंद पडले. आजचे औषध जनुकतंत्राने तयार होते. ते बहुधा रोज रात्री, वर्षानुवर्षे, कातडीखाली टोचावे लागते, मात्रा वजनागणिक वाढते, आणि २ ते ८ अंशांत ते राखावे लागते, गोठू देता कामा नये; ऊसतोडीच्या मुक्कामी कोपीवर ही व्यवस्था कशी होणार, हे आधी ठरवावे. उपचार चालू असता डोके दुखून उलट्या झाल्या, किंवा मूल लंगडू लागले, तर हयगय न करता डॉक्टरांना दाखवावे.

बाजारातील उंचीची भुकटी मात्र घेऊच नका. तिच्यात पुरुषी संप्रेरक मिसळलेले असल्यास चार महिने मूल झपाट्याने वाढते आणि पट्ट्या अकाली मिटतात. आठ वर्षांच्या आत मुलीची छाती उमलू लागली, तर ती वर्गात सर्वांत उंच असली तरीही तिला लगेच आणावे. तिचीही मुदत तशीच संपत असते.

चार ते दहा या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते. तेव्हा निघण्यापूर्वी एकदा व परतल्यावर एकदा, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर पाटी आडवी धरून खूण करा आणि शेजारी तारीख लिहा; शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येईल किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात जाल, तेव्हा तेच आकडे दाखवा. धारूरकडील त्या घरी गुढीपाडव्याच्या सुमारास आईबाप परतले, तेव्हा दसऱ्याच्या खुणेवर पोराचे डोके तीन बोटे वर गेले होते.