सुरमईऐवजी सॅमनचे कटलेट

मागच्या वर्षी सुनेला दिवस राहिले आणि डोहाळे लागले ते माशांच्या कटलेटचे! मी उत्साहाने देशी दुकानातून फ्रोझन सुरमई आणली. पाकिटावर ‘किंग मॅकरेल’ असे छापले होते. सून म्हणाली, “आई, डॉक्टरांच्या यादीत हा मासा खायचा नाही असं आहे.” जन्मभर सुरमई खाल्लेली मी, आधी जरा रागच आला. मग यादी नीट वाचली.

मोठे मासे लहान मासे खातात, त्यामुळे त्यांच्या अंगात पारा साठत जातो. गर्भातल्या बाळाच्या मेंदूला तो घातक ठरू शकतो. म्हणून गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि लहान मुलांनी किंग मॅकरेल, शार्क (आपली मोरी), स्वोर्डफिश टाळावेत, असे अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन सांगते. मासे सोडायचे मात्र नाहीत. सॅमन, कोळंबी, तारली असे कमी पाऱ्याचे मासे गरोदरपणी आठवड्याला ८ ते १२ औंस जरूर खावेत.

मग मी डब्यातल्या सॅमनचे कटलेट केले.

साहित्य: पिंक सॅमनचा १४.७५ औंसांचा एक डबा, २ उकडलेले बटाटे, अर्धी वाटी किसलेले गाजर, अर्धी वाटी वाफवलेले मटार, १ बारीक चिरलेला कांदा, आले-लसूण-मिरचीचे वाटण, हळद, कोथिंबीर, लिंबू, रवा.

कृती: सॅमनमधले पाणी काढून टाका. काटे टाकू नका; ते शिजून मऊ झालेले असतात, चुरडून घाला. कॅल्शियम मिळते. गाजर पिळून घ्या, नाहीतर कटलेट फुटतात. सगळे एकत्र मळा. डब्यातला मासा खारट असतो, म्हणून चव बघूनच मीठ घाला. कटलेट थापून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. रव्यात घोळवून मध्यम आचेवर, थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. टेबलस्पूनभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात, तेव्हा हात आखडता ठेवा. उरलेले दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका.

सुनेने एका बैठकीत चार संपवले. नात आता सहा महिन्यांची आहे. मैत्रिणींनो, घरी कुणाला दिवस गेले असतील तर लाड जरूर करा, पण पाकीट वाचून!