पादरोगी, परिचारक आणि दाराशी काढलेली पादत्राणे

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांपैकी भिषक् आणि द्रव्य यांविषयी आपल्या नियतकालिकांतून विपुल लेखन होते. रोगी हा पाद निदानाच्या निमित्ताने चर्चेत येतो. उपस्थाता मात्र पदवी परीक्षेतील टिपेपुरताच उरतो. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे त्याचे चार गुण पाठ करून आपण उत्तीर्ण होतो. पुढे दवाखाना थाटल्यावर गावातील दहावी झालेला एखादा होतकरू मुलगा कंपाउंडर म्हणून ठेवतो आणि त्याला पुड्या बांधणे, नावे लिहिणे व पैसे घेणे एवढेच शिकवितो. प्रस्तुत लेखात आम्ही पायाच्या रुग्णांच्या अनुभवांवरून या तिसऱ्या पादाचा विचार करीत आहोत. पायाचेच उदाहरण घेण्यास कारण आहे. या रुग्णाच्या परीक्षेचा मोठा भाग तो वैद्यासमोर येण्यापूर्वी, दवाखान्याच्या दाराशीच घडतो किंवा हुकतो.

इंग्लंड-अमेरिकेत केवळ पावलांची चिकित्सा करणारा स्वतंत्र पदवीधर वर्ग आहे. आपल्याकडे तो व्यवसाय तसा रुजला नाही. भंडारा जिल्ह्यात पाय दुखावलेला माणूस प्रथम घरचा उपाय करतो, मग औषधाच्या दुकानात जातो, मग गावातील जाणत्याकडे, मग आपल्याकडे येतो, आणि बोट काळे पडल्यावर जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा थेट नागपूरला. या प्रत्येक टप्प्यावर त्याला भेटणारी पहिली व्यक्ती चिकित्सक नसते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

जिल्ह्याची भूमीही पादरोगांना अनुकूल आहे. वैनगंगेचे खोरे, ठिकठिकाणचे तलाव आणि धानाची शेती. रोवणीच्या दिवसांत स्त्रिया सकाळपासून दिवस कलेपर्यंत बांधीतील चिखलात उभ्या असतात. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानातील क्षुद्ररोगांत ‘अलस’ सांगताना दूषित चिखलाचा स्पर्श हेच कारण दिले आहे. आपल्या चिखल्या त्याच. त्याच अध्यायात अतिचालनाने रूक्ष झालेल्या तळपायांची ‘पाददारी’ आहे, आणि खडा वा काटा रुतून उत्पन्न होणारे ‘कदर’, म्हणजे कुरूप, आहे. क्षुद्ररोग या नावावरून ते नगण्य आहेत असा समज करून घेऊ नये. रोवणीच्या ऐन हंगामात चिखल्यांमुळे आठ दिवस घरी बसलेल्या मजूर स्त्रीची मजुरी बुडते. तिच्या दृष्टीने तो महारोगच असतो.

दाराशी

आपल्या बहुतेक दवाखान्यांत पादत्राणे बाहेर काढण्याची पद्धत आहे. स्वच्छतेच्या दृष्टीने ती योग्यच. परंतु पायाच्या रुग्णाच्या बाबतीत यामुळे दोन गोष्टी घडतात. पहिली, बधिर पायाचा रुग्ण अनवाणी होऊन अंगणातील खडी, उन्हाने तापलेली फरशी किंवा ओल्या पायऱ्या यांवरून चालत आत येतो. दुसरी, निदानाचा अर्धा पुरावा असलेली चप्पल बाहेरच राहते. तिची झीज कोणत्या बाजूस आहे, तळातून खिळा वर आला आहे काय, अंगठ्याचा पट्टा कोठे घासतो, आत रक्ताचा डाग आहे काय, हे वैद्याला कधीच दिसत नाही. दिसते ते दारात बसणाऱ्या परिचारकाला. मात्र काय पाहावे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

पवनीकडील एक वृद्ध शेतकरी आमच्याकडे अग्निमांद्याची तक्रार घेऊन आले होते. आमच्या परिचारकाने दारातच विचारले, “बाबा, दुसरी चप्पल कुठं आहे?” त्यांनी खाली पाहिले तेव्हा त्यांना कळले. बसमधून उतरल्यावर एक चप्पल वाटेत निसटली होती आणि ते तसेच चालत आले होते. पायाची तक्रार त्यांनी सांगितलीच नव्हती. रक्तशर्करा तपासली तेव्हा ती बरीच वाढलेली निघाली. चप्पल पायातून निसटल्याचे न कळणे हे स्पर्शज्ञान गेल्याचे जुने, परिचित लक्षण आहे, आणि ते टिपण्यास पदवी लागत नाही.

तेव्हापासून आम्ही दाराच्या आत एक बाक ठेविला आहे. पायाचा रुग्ण चप्पल घालूनच तेथपर्यंत येतो, बाकावर बसून ती काढतो, आणि चप्पल त्याच्याबरोबर तपासणीच्या खोलीत येते. फरशी एकदा अधिक पुसावी लागते, एवढाच काय तो खर्च.

संकोच

पाय दाखविणे ही आपल्या समाजात सोपी गोष्ट नाही. वडीलधाऱ्यांकडे पाय करून बसू नये असा आपला संस्कार. “तुम्ही माझ्या पायाला हात नका लावू जी, मले पाप लागंल,” असे म्हणणारे रुग्ण साकोली-लाखांदूर भागात आजही भेटतात. अशा वेळी आग्रह करण्यापेक्षा, बोलता बोलता स्वतः खाली बसून पाय हाती घेणे उपयोगी पडते. स्त्रियांचा संकोच वेगळा. पुरुष कंपाउंडरसमोर साडी घोट्याच्या वर घेण्यापेक्षा त्या “पाय बरा आहे” असे सांगून मोकळ्या होतात. शक्य तेथे या कामासाठी स्त्री परिचारिका असावी. नसल्यास सोबतच्या सासूला किंवा जावेला आत बोलवावे.

रुग्णांकडून अन्य ठिकाणचे जे अनुभव ऐकावयास मिळतात, त्यांत औषधाविषयीची तक्रार क्वचितच असते. भरल्या प्रतीक्षागृहात “हत्तीपायवाले कोण?” असे पुकारले गेले, हे एका स्त्रीने दोन वर्षांनंतरही आम्हाला डोळ्यांत पाणी आणून सांगितले. दुसऱ्या एका रुग्णाच्या व्रणाची पट्टी सोडताना सहायकाने नाकाला रुमाल लावला आणि खिडकी उघडली. रुग्ण तेथे पुन्हा गेला नाही. मधल्या सहा आठवड्यांत व्रण अस्थीपर्यंत पोहोचला. व्रणाला दुर्गंध येतो तेव्हाच रुग्णाने वारंवार येणे सर्वाधिक आवश्यक असते. म्हणून ‘अनुराग’ या गुणाकडे आम्ही चिकित्सेचे अंग म्हणून पाहतो. शौच म्हणजे परिचारकाने हात धुणे, मोजे घालणे आणि मलमपट्टीचे साहित्य स्वच्छ ठेवणे. नाक मुरडणे नव्हे.

न दुखणारा पाय

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. प्रमेहाच्या पूर्वरूपांत हातापायांची सुप्तता व दाह आणि कुष्ठाच्या पूर्वरूपांत स्पर्शाज्ञत्व चरकाचार्यांनी नोंदविले आहे. या दोन्ही व्याधींत पायाचा नाश बव्हंशी बधिरतेमुळे होतो. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांवर काम करताना हेच दाखवून दिले की, बोटे आपोआप झडत नाहीत. वेदना नसल्यामुळे लहानसहान इजा दुर्लक्षित राहतात आणि त्यातून पाय जातो. रात्री झोपेत उंदरांनी बोटे कुरतडल्याचेही त्यांना आढळले होते. घरोघरी धानाची साठवण असलेल्या आपल्या जिल्ह्यात, सकाळी उठल्यावर अंगठ्यावर व्रण दिसला असे सांगणाऱ्या मधुमेही रुग्णाला हा प्रश्न अवश्य विचारावा.

कदरासाठी सुश्रुतोक्त अग्निकर्म आपण अनेकजण करतो आणि योग्य रुग्णात त्याचा लाभही होतो. परंतु सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात अग्निकर्मास अयोग्य व्यक्ती सांगताना ‘अस्वेद्य’ रुग्णांचाही निर्देश आहे, आणि अस्वेद्यांच्या गणनेत प्रमेही आहे. हे दोन संदर्भ एकत्र न वाचल्याने काय होते, याचे उदाहरण आमच्या पाहण्यात आले. तळपायाच्या कुरूपावर एका ठिकाणी दाहकर्म केले गेले. रुग्णाला काहीच दुखले नाही. म्हणून रुग्ण समाधानी आणि करणाराही हस्तकौशल्यावर समाधानी. आमच्याकडे रुग्ण आला तेव्हा तेथे तीन महिन्यांचा व्रण होता आणि मधुमेहाची तपासणी त्यापूर्वी कधीही झालेली नव्हती. दाहकर्म वेदनारहित झाले हे तेथेच थांबण्याचे लक्षण होते.

स्वेदनाच्या बाबतीत जबाबदारी पूर्णतः परिचारकावर येते. अवगाहाचे पाणी वा वालुकेची पोटली किती उष्ण असावी हे तो रुग्णाला विचारूनच ठरवितो. बधिर पायाचा रुग्ण म्हणतो, “अजून गरम चालंल जी.” परिचारक त्याप्रमाणे करतो, आणि दुसऱ्या दिवशी फोड येतात. म्हणून स्वेदनापूर्वी पायाच्या संवेदनेची परीक्षा झालीच पाहिजे.

या परीक्षेसाठी दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट वापरतात. तो नसल्यास अडून राहू नये. इंग्लंडमधील इप्सविच येथील चिकित्सकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली परीक्षा केवळ बोटाने करता येते. रुग्णाला डोळे मिटण्यास सांगावे आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या व करंगळीच्या टोकास तर्जनीने एक-दोन सेकंद हलका स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये, घासू नये. सहांपैकी दोन वा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही तर तो पाय धोक्यात आहे असे समजावे. आमचा परिचारक ही परीक्षा एका दुपारी शिकला. तो केसपेपरवर सहा खुणा करून देतो. त्या पाहिल्यावाचून आम्ही पादाभ्यंगाव्यतिरिक्त कोणतेही कर्म सुरू करीत नाही.

पायातील नाडीची परीक्षा मात्र वैद्याने स्वतः करावी. मनगटावरील नाडी पाहण्यात आपण तज्ज्ञ. पण पावलाच्या पाठीवरील व घोट्यामागील धमनीवर बोट ठेवण्याचे आपण विसरतो. तेथे स्पंदन लागत नसेल, बोट काळवंडले असेल, किंवा लाली वर सरकून ज्वर असेल, तर लेप-बस्तीचा विचार बाजूस ठेवून त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

नागपूरचे उदाहरण

मधुमेही पायासाठी ‘स्टेप बाय स्टेप’ नावाचा उपक्रम २००४ च्या सुमारास भारत, बांगलादेश, श्रीलंका व टांझानिया येथे सुरू झाला. भारतातील त्याच्या उभारणीत नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांचा प्रमुख वाटा होता. त्यातील एक अट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. प्रशिक्षणास डॉक्टरने एकट्याने यावयाचे नाही; आपली परिचारिका वा सहायक यांची जोडी करून यावयाचे. दोघांनी एकत्र शिकावयाचे, गावी जाऊन वर्षभर काम करावयाचे आणि मग पुढील वर्गास पुन्हा एकत्र यावयाचे. भिषक् व उपस्थाता यांचे हे सहशिक्षण आधुनिकांनी आपल्या शेजारी घडविले. आपल्या संघटनेच्या कार्यशाळांना मात्र आपण आजवर एकटेच जात आलो. पुढील कार्यशाळेच्या निमंत्रणात ‘परिचारकासह’ हा शब्द घालावा, अशी आमची सूचना आहे.

श्लीपद व चिखल्या

ज्या प्रदेशात जुने पाणी साचून राहते आणि सर्व ऋतूंत गारवा असतो तेथे श्लीपद विशेष आढळते, असे सुश्रुतांचे निरीक्षण आहे. साचलेल्या पाण्याच्या बाबतीत पूर्व विदर्भाला ते लागू पडते. देशात २००४ पासून डीईसी गोळ्यांची सामुदायिक मोहीम सुरू झाली, पुढे त्यात अल्बेंडाझोल व काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिनची भर पडली. आपल्या रुग्णांनी या गोळ्या घ्याव्यात असेच आपण सांगावे. परंतु एकदा जाड झालेला पाय या गोळ्यांनी पूर्ववत होत नाही. त्याला वारंवार येणारा ज्वर व शोथाचा वेग बहुधा बोटांच्या बेचक्यांतील चिखल्यांतून शिरणाऱ्या जंतूंमुळे येतो. म्हणजे क्षुद्ररोग म्हणून सोडून दिलेला अलस येथे मोठ्या व्याधीचे द्वार ठरतो. रोज साबण-पाण्याने पाय धुणे, प्रत्येक बेचका मऊ फडक्याने टिपून कोरडा करणे, रात्री पाय उंचावर ठेवणे आणि घोट्याची हालचाल करणे हे परिचारकाने रुग्णाच्या घरच्यांकडून एकदा प्रत्यक्ष करवून घ्यावे. तोंडी सांगितलेले बसमध्ये बसेपर्यंतही टिकत नाही. “पाय टेकू नका” हा आदेश आषाढात मजुराला देण्यात अर्थ नाही. बांधीतून वर आल्याबरोबर पाय धुऊन कोरडे करा, एवढे तो करू शकतो.

औषधविक्रेते बंधूंसाठी

कुरुपाच्या पट्ट्यांत सॅलिसिलिक आम्ल असते. ते कठीण त्वचेबरोबर निरोगी त्वचाही विरघळविते, आणि मधुमेहींनी वापरू नये अशी सूचना वेष्टनावर बारीक अक्षरांत असते. ती ग्राहक वाचत नाही. वाचावयाची तर गल्ल्यावरील व्यक्तीने. पट्टी मागणाऱ्यास “साखरेची बिमारी आहे काय?” आणि “पाय बधिर वाटतो काय?” हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर ‘हो’ किंवा ‘माहीत नाही’ असेल तर पट्टी देऊ नये. भेगांसाठी मेण, राळ व गेरू यांच्या पारंपरिक मलमाची मागणी आपल्याकडे असतेच. ते देतानाही भेगेतून रक्त वा पू येतो काय हे विचारावे, आणि येत असल्यास ग्राहकास वैद्याकडे पाठवावे. बधिर पायाच्या माणसास रबरी पट्ट्याची सपाट चप्पल सुचवू नये. मागे पट्टा असलेली, मऊ तळाची, खिळे नसलेली घ्यावयास सांगावे. कुष्ठरुग्णांना एमसीआर रबराची पादत्राणे शासकीय कार्यक्रमातून मिळतात. त्यासाठी नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करण्यास सांगणे, एवढे काम दुकानातील नोकरालाही करता येईल.