संगणकातील वहीची आपोआप नक्कल



लागणीची तारीख, उसाची जात, क्षेत्र, खताचे डोस, पाण्याच्या पाळ्या, मुकादमाला दिलेली उचल, काटा पावत्यांचे टनेज आणि बिलातून झालेली कपात, हे सारे पूर्वी लाल कापडी वहीत असे. आता पुष्कळ घरांत ते मुलाच्या, लेकीच्या किंवा सुनेच्या हातून संगणकात गेले आहे. हे चांगलेच झाले. बेरीज चुकत नाही, तीन हंगामांचा खर्च शेजारी शेजारी मांडून पाहता येतो, खोडवा परवडला की नाही ते लगेच कळते. पण जुन्या वहीला एक गुण होता. ती एकाएकी नाहीशी होत नसे. भिजली तरी पाने सुकवून वाचता येत. संगणकातली हार्ड डिस्क काल चालू होती आणि आज बंद पडली, असे केव्हाही घडते. अगोदर सूचना देईलच असे नाही.

म्हणून या अंकात संगणकातल्या कागदांची नक्कल आपोआप, काम चालू असतानाच कशी होत राहील, याचा पाठ देत आहोत. घरात जो कोणी संगणक चालवतो त्याला शेजारी बसवून वाचा. तासाभराचे काम आहे.

काय गेले तर परत मिळत नाही?

प्रथम हे ठरवा. सातबारा गेला तर तलाठ्याकडून किंवा सरकारी संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतो. ऊसबिलाची नोंद कारखान्याच्या दप्तरी असते. पण तुम्ही स्वतः लिहिलेले दुसरीकडे कुठेच नसते. टोळीला कोणत्या तारखेला किती उचल दिली, कोणत्या सरीत कोणते बेणे लावले, बांधावरच्या मोजणीच्या दिवशी काढलेले फोटो, पुराने उभा ऊस गेला त्या दिवसाचे फोटो, हे एकदा गेले की गेलेच. उचलीचा हिशेब तर दोन्ही बाजूंचा. लिहिलेला आधार नाहीसा झाला तर मालकाचे पैसे अडकतात, नाहीतर मजुराच्या डोक्यावर नसलेले कर्ज बसते. तंटा मात्र दोघांच्याही पदरी येतो.

असे सर्व कागद एकाच फोल्डरात आणा. ‘डॉक्युमेंट्स’ या जागेत ‘ऊस’ नावाचा फोल्डर करा आणि त्यात हंगामवार पोटफोल्डर ठेवा. कागद चार ठिकाणी पसरलेले असतील तर कोणतीही व्यवस्था पुरी पडणार नाही.

कार्बन कागद आणि जुनी वही

आता मुख्य मुद्दा. तो नीट ध्यानात घ्यावा.

पावती पुस्तकात कार्बन कागद घालून लिहिले की खालच्या पानावर तेच उमटते. संगणकावर तत्काळ होणारी नक्कल ही अशीच असते. वर लिहिले की काही सेकंदांत खाली उतरते. डिस्क मोडली तर या नकलेसारखा आधार नाही. पण कार्बन कागदाला बरे-वाईट कळत नाही. वर चारशेऐवजी चाळीस लिहिले तर खालीही चाळीसच उमटते. पोराने चुकून फोल्डर पुसला आणि व्यवस्था हुबेहूब नक्कल करणारी असली, तर दुसऱ्या डिस्कवरूनही तो पुसला जातो, तोही आपोआप!

दुष्ट हेतूने केलेल्या कामाचेही तेच. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांवर संगणकांतल्या फाइली त्याने कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी पैसे मागितले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेची कामेही त्यात अडली. असा प्रोग्राम संगणकात शिरला तर जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरही हात मारतो, आणि तत्काळ नक्कल करणारी व्यवस्था कुलूपबंद फाइलच इमानदारीने उतरवून घेते.

तेव्हा तीन गोष्टी वेगवेगळ्या लागतात : आत्ताची नक्कल, कालची-परवाची जुनी प्रत, आणि तारेने न जोडलेली, घराबाहेर ठेवलेली प्रत. पहिल्या दोन आपोआप होतात. तिसरी हाताने करावी लागते.

साहित्य

बाहेरून यूएसबी तारेने जोडायची एक हार्ड डिस्क, आणि तसलीच दुसरी किंवा एक मोठा पेन ड्राइव्ह. संगणकात ‘सी’ आणि ‘डी’ असे दोन भाग दिसतात म्हणून ‘सी’ची नक्कल ‘डी’त ठेवू नका. बहुतेक घरगुती संगणकांत ते एकाच डिस्कचे असतात. एकाच पेटीतले दोन कप्पे म्हणा ना! पेटीच गेली तर दोन्ही गेले.

संगणकावर नावे बहुधा इंग्रजीत दिसतात. खाली त्यांचे उच्चार दिले आहेत. पडद्यावर जुळवून पाहावे.

पहिली व्यवस्था : फाइल हिस्टरी

ही विंडोजमध्येच आहे, वेगळे काही विकत आणावे लागत नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ती मिळते. कृती अशी :

१. बाहेरची डिस्क जोडा.

२. ‘स्टार्ट’मध्ये ‘कंट्रोल पॅनेल’ शोधून उघडा. त्यात ‘सिस्टम अँड सिक्युरिटी’ आणि त्यात ‘फाइल हिस्टरी’.

३. डिस्कचे नाव दिसते ना, ते पाहा आणि ‘टर्न ऑन’ दाबा.

४. डाव्या बाजूच्या ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये जा. मुळात ती तासातून एकदा नक्कल घेते. तिथे दहा मिनिटे निवडा. त्याहून कमी वेळ त्यात नाही.

५. जुन्या प्रती किती दिवस ठेवायच्या ते तिथेच ठरते. ‘फॉरएव्हर’ असू द्या.

फाइल हिस्टरी ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’, ‘डेस्कटॉप’ अशा ठरावीक जागांची नक्कल घेते. ‘ऊस’ फोल्डर ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवा असे सांगितले ते यासाठीच. हिचा गुण असा की बदललेल्या फाइलीची नवी प्रत घेताना ती जुनी प्रत टाकून देत नाही. मंगळवारी उचलीचा तक्ता बिघडला तर सोमवारचा काढता येतो. मात्र दहा मिनिटांत जे लिहिले ते मध्येच डिस्क बंद पडल्यास जाऊ शकते. पुष्कळ घरांना एवढी व्यवस्था पुरे आहे.

दुसरी व्यवस्था : तत्काळ नक्कल

ज्यांच्याकडे वाहतुकीचे ट्रॅक्टर आहेत, टोळ्यांचे हिशेब आहेत, दिवसभर नोंदी चालतात, त्यांनी पुढची पायरीही करावी. ‘फ्रीफाइलसिंक’ नावाचा प्रोग्राम घरगुती वापरासाठी विनामूल्य मिळतो. तो त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावा, कुणी पाठवलेल्या दुव्यावरून नको. त्याच्यासोबत ‘रियलटाइमसिंक’ नावाचा जोडीदार प्रोग्राम येतो. तो फोल्डरावर राखणीला बसतो आणि बदल झाला की नक्कल घडवून आणतो.

१. फ्रीफाइलसिंक उघडा. डावीकडे तुमचा ‘ऊस’ फोल्डर निवडा, उजवीकडे बाहेरच्या डिस्कवर ‘ऊस नक्कल’ असा नवा फोल्डर करून तो निवडा.

२. हिरव्या दातेरी चाकाच्या खुणेवर दाबून सेटिंग उघडा. नकलेचे प्रकार दिसतील. ‘मिरर’ म्हणजे आरसा : मूळ जागी पुसले की इथेही पुसले. आपण ‘अपडेट’ निवडायचे. त्यात नवे आणि बदललेले तेवढे उतरते, पुसणे उतरत नाही.

३. तिथेच खाली, जुन्या फाइलीचे काय करायचे असे विचारलेले असते. ‘व्हर्जनिंग’ निवडा. बाहेरच्या डिस्कवरच ‘जुन्या प्रती’ असा तिसरा फोल्डर करून त्याची जागा दाखवा. हा ‘ऊस नक्कल’च्या बाहेर असावा. नाव देण्याच्या पद्धतीत ‘टाइम स्टॅम्प’ घ्या, म्हणजे प्रत्येक जुनी प्रत तारीख-वेळेसह राहते. ‘रिप्लेस’ घेतले तर शेवटची एकच जुनी प्रत उरते.

४. एकदा ‘सिंक्रोनाइज’ दाबून पहिली नक्कल पुरी होऊ द्या. मग ‘सेव्ह ॲज बॅच जॉब’ दाबून हे काम फाइलीच्या रूपात जपून ठेवा. त्या वेळी ‘रन मिनिमाइज्ड’ आणि ‘ऑटो क्लोज’ या चौकटींत खूण करा, म्हणजे दर वेळी खिडकी उघडून कामात अडथळा येणार नाही.

५. आता रियलटाइमसिंक उघडा आणि ती बॅच फाइल त्यात उघडा. कोणत्या फोल्डरांवर राखण ठेवायची ते आपोआप भरले जाते. ‘आयडल टाइम’ दहा सेकंद असतो. म्हणजे लिहिणे थांबल्यावर दहा सेकंदांनी नक्कल निघते. तो तसाच असू द्या. ही मांडणीही ‘सेव्ह’ करा आणि ‘स्टार्ट’ दाबा. घड्याळाजवळ लहानशी खूण दिसू लागेल.

६. संगणक रोज सुरू होताना राखणदारही आपोआप कामावर यावा, यासाठी विंडोजचे बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा. चौकटीत ‘शेल’, मग विसर्गासारखी दोन टिंबे, मग ‘स्टार्टअप’ असे इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहा. जो फोल्डर उघडेल त्यात रियलटाइमसिंकमध्ये जपलेल्या फाइलीचा ‘शॉर्टकट’ ठेवा. संगणक बंद करून पुन्हा चालू करा आणि खूण दिसते का पाहा.

डिस्क काढलेली असेल तर राखणदार वाट पाहत बसतो, ती जोडल्यावर पुढचे काम करतो. पण आठवडाभर डिस्क जोडलीच नाही तर आठवडाभर नक्कलही नाही, हे उघड आहे. राखणदार ठेवला म्हणून मालकाने मळ्याकडे फिरकूच नये, असे चालत नाही.

तिसरी प्रत : घराबाहेर

२०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत कोल्हापूर-सांगलीकडे नद्यांचे पाणी घराघरांत शिरले. अशा वेळी संगणक आणि त्याच्या शेजारी ठेवलेली डिस्क दोन्ही एकाच पाण्यात जातात. वीज पडली, चोरी झाली, तरी तेच. यासाठी महिन्यातून एकदा ‘ऊस’ फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हाताने उतरवा, तार काढा आणि ती उंचावरच्या पाहुण्यांच्या घरी किंवा बँकेच्या लॉकरात ठेवा. न जोडलेल्या डिस्कला खंडणीखोर प्रोग्राम हात लावू शकत नाही.

इंटरनेट बरे असेल तर मायक्रोसॉफ्टच्या ‘वनड्राइव्ह’मध्ये पाच जीबी जागा फुकट मिळते. हिशेब आणि पावत्यांना ती पुष्कळ झाली, फोटोंना पुरणार नाही. मात्र वनड्राइव्ह हाही मुळात कार्बन कागदच. इथे पुसले की तिथेही पुसले जाते. घरगुती खात्यात पुसलेली फाइल तिथल्या कचरापेटीत तीस दिवस राहते, त्या आत काढून घ्यावी लागते. त्याचा परवलीचा शब्द घरातल्या दोघांना ठाऊक असावा.

आणखी एक. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली आहे. तुमचा संगणक त्यावर असेल तर जाणकाराकडून पुढची सोय करून घ्या. तोवर न जोडलेली प्रत अधिकच जपा.

काटा तपासल्याशिवाय वजन नाही

हंगामापूर्वी वजनकाटा प्रमाणित वजने ठेवून तपासला जातो. काटा उभा आहे एवढ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. नकलेचेही तसेच आहे. १९९८ साली अमेरिकेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या कामाच्या फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. नकलेची व्यवस्था होती, पण ती नीट चालत नाही हे गरज पडली तेव्हा कळले. तंत्रविभागातल्या एका बाई बाळंतपणामुळे घरून काम करीत असत. त्यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती, तिने काम वाचवले. एवढ्या मोठ्या संस्थेला जे चुकले नाही ते आपल्याला कसे चुकेल?

तेव्हा महिन्यातून एकदा परीक्षा घ्या. ‘ऊस’ फोल्डरात ‘परीक्षा’ नावाची एक फाइल करा, त्यात चार ओळी लिहा. वीस मिनिटांनी त्या ओळी बदला, आणखी वीस मिनिटांनी फाइल पुसून टाका. मग फाइल हिस्टरीतल्या ‘रिस्टोअर पर्सनल फाइल्स’मधून पहिल्या ओळींची प्रत परत आणून दाखवा. दुसरी व्यवस्था केली असेल तर ‘जुन्या प्रती’ फोल्डरातही ती सापडली पाहिजे. हाताला आली तरच व्यवस्था चालू आहे असे समजा. नाही आली तर आजच दुरुस्त करा, कारण आज काहीही गेलेले नाही.

हे सर्व बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आत उरकून घ्यावे. एकदा मोळी पडली आणि गाड्या सुरू झाल्या की कोणाला फुरसत मिळत नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत नोंदी सर्वांत जास्त होतात.