घरच्या संगणकावर स्वरलेखन

शाळेतील एखादे शिक्षक मुलांकडून समूहगीते उत्तम बसवून घेतात. पुढे त्यांची बदली होते. गीताचे शब्द मुलांच्या वहीत राहतात. चाल मात्र शिक्षकांबरोबर जाते. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी मुखोद्गत चिजा स्वरलिपीत बांधून ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत प्रसिद्ध केल्या, म्हणून त्या गुरुगृहाबाहेर पोहोचल्या. हेच कार्य अल्प प्रमाणात प्राथमिक शिक्षकास घरी करता येते.

साधन : ‘म्यूझस्कोर’ हे स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २०११ साली निघाली. त्यातील लिपी पाच रेषांची पाश्चात्त्य लिपी आहे. म्हणून प्रथम पांढरी एक हा षड्ज मानावा. मग सा, रे, ग, म, प, ध, नी हे शुद्ध स्वर अनुक्रमे सी, डी, ई, एफ, जी, ए, बी या कळांवर येतात.

कृती : नवे पान उघडून बासरी हे वाद्य निवडावे, म्हणजे रेषांची एकच ओळ मिळते. चार मात्रांचा विभाग आयताच आखलेला असतो. ‘एन’ ही कळ दाबल्यावर लेखन सुरू होते. ‘५’ ही कळ एका मात्रेची, ‘६’ ही दोन मात्रांची. प्रथम ‘५’ दाबून आरोह व अवरोह लिहावा. सोळा स्वरांनी चार विभाग, म्हणजे त्रितालाचे एक आवर्तन, बरोबर भरते. नंतर पहिला स्वर निवडून ‘कंट्रोल’ व ‘एल’ या कळा एकदम दाबाव्यात आणि स्वरांखाली देवनागरीत सा, रे, ग लिहावे.

दोषशोधन : समजा, चौथ्या मात्रेवरील मध्यम चुकून दोन मात्रांचा लिहिला गेला. संगणक त्याचे दोन भाग करून दुसरा पुढील विभागात नेतो. वाजवून ऐकताच पंचम एक मात्रा उशिरा आल्याचे कळते. लिहिणाऱ्याच्या मनात काय होते हे यंत्रास ठाऊक नसते; कागदावर असेल तेच ते वाजविते. या साधनाचा खरा लाभ सुबक छपाईत नसून येथे आहे. जी चाल आपणास पूर्ण येते असे वाटते, तिच्यातील कोणत्या मात्रा आपण अंदाजाने म्हणत होतो, हे शिक्षकास प्रथमच स्पष्ट होते.

मर्यादा : मींड, आंदोलन व श्रुतींचे सूक्ष्म भेद या साध्या लेखनात उतरत नाहीत. ते गळ्यानेच द्यावे लागतात. यंत्राचे वादन मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवू नये. चाल तपासण्यापुरताच त्याचा उपयोग करावा.

स्वाध्याय : शाळेच्या प्रार्थनेच्या धृपदाचे स्वरलेखन करावे. ती चाल न ऐकलेल्या, परंतु पेटी वाजविणाऱ्या सहकाऱ्याकडून केवळ कागदावरून ती वाजवून घ्यावी. मुलांनी प्रार्थना ओळखली, तर लेखन साधले असे समजावे व ती प्रत शाळेच्या दप्तरी ठेवावी.