गाळा बघण्याआधी एजंट पारखा



भोसरीत गाळा, चाकणला शेड किंवा मोशीत दुकान शोधायला निघालात की सगळ्यात आधी भेटतो तो एजंट. दोन-चार फोन केले की संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर दहा जागांचे फोटो येतात. भाडं, डिपॉझिट, स्क्वेअर फूट सगळं असतं. फक्त जागेचे कागद नसतात.

जागा कशी निवडायची हे आपण व्हिडिओत पाहिलं. आज जागा दाखवणारा माणूस कसा निवडायचा ते बघू.

हे एवढं महत्त्वाचं का?

फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली हजारो अनधिकृत शेड, गोदामं आणि वर्कशॉप पाडली. अशा कारवाईत मालकाचं शेड जातं, पण जमीन त्याच्याकडेच राहते. भाडेकरूचं गणित वेगळं असतं. मशीन हलवायला क्रेन त्यानेच शोधायची, वायरिंग आणि फाउंडेशनचा खर्च त्याचा बुडतो, ऑर्डर त्याची थांबते आणि डिपॉझिटसाठी मालकाच्या मागे त्यानेच फिरायचं. एजंटचं ब्रोकरेज मात्र पहिल्या महिन्यातच मिळालेलं असतं.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जास्त जागा दाखवतो तो चांगला एजंट नाही. टोकन घेण्याआधी कागद दाखवतो तो चांगला एजंट. आता हे ओळखायचं कसं?

१. तो तुम्हाला काय विचारतो?

फोन केल्यावर पहिला प्रश्न "बजेट किती?" एवढाच असेल तर तो फक्त सौदा बघतोय. कामाचा माणूस विचारेल: काम काय आहे? किती एचपी लोड लागेल? माल छोट्या टेम्पोने येणार की कंटेनरने? आवाज, धूर, सांडपाणी आहे का? हे न विचारता दाखवलेल्या जागेत मशीन बसेल, पण वीज पुरणार नाही, नाहीतर गाडी वळणार नाही.

२. महारेरा नंबर आहे का?

रेरा कायदा २०१६ चा आणि महारेरा २०१७ पासून सुरू आहे. नोंदणी झालेल्या प्रकल्पातली जागा विकून देणाऱ्या एजंटला महारेराची नोंदणी लागते. २०२४ पासून परीक्षा पास होऊन प्रमाणपत्र घेणंही बंधनकारक आहे. एजंटचा नंबर इंग्रजी 'ए' अक्षराने सुरू होतो आणि महारेराच्या साइटवर तपासता येतो.

पण इथे एक गोष्ट समजून घ्या. ही नोंदणी विक्रीच्या व्यवहारासाठी आहे, तुमच्या भाड्याच्या गाळ्यासाठी नाही. त्यामुळे नंबर आहे म्हणजे माणूस कोण हे कळलं, एवढंच. जागा अधिकृत आहे का, हे त्यावरून कळत नाही. भाड्याच्या व्यवहारात खरी परीक्षा पुढचीच.

३. कागद मागितल्यावर तो काय म्हणतो?

आपल्या पट्ट्यात साधारण दोन प्रकारच्या जागा मिळतात.

एमआयडीसीतला गाळा: इथे जमीन एमआयडीसीची आणि प्लॉटधारकाकडे ती ९५ वर्षांच्या लीजवर असते. त्याला ती पुढे भाड्याने द्यायची तर एमआयडीसीची परवानगी लागते. एजंटला सरळ विचारा, "पोटभाड्याची परवानगी घेतली आहे का?"

एमआयडीसीबाहेरचं शेड: सातबारा, एनए आणि बांधकाम परवानगी, हे तीन कागद मागा. सातबारा ऑनलाइन स्वतः बघता येतो, मालक म्हणून बोलणाऱ्याचं नाव त्यावर आहे का ते तपासा. चिखली-तळवडे भागात रेड झोन आणि नदीकाठी निळी पूररेषा हेही विचारा. चाकणच्या आसपासच्या गावांत "ग्रामपंचायतीची एनओसी आहे" एवढ्यावर थांबू नका.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे, "साहेब, टॅक्स पावती आहे, लाइट मीटर आहे, अजून काय पाहिजे?" शास्तीकर आठवतो ना? अनधिकृत बांधकामाकडूनही महापालिका कर घेते. टॅक्स पावती म्हणजे परवानगी नाही, आणि लाइट बिल तर नाहीच नाही.

चांगला एजंट म्हणेल, "दोन दिवस द्या, मालकाकडून मागवतो." दुसरा म्हणेल, "दुसरी पार्टी उद्या टोकन देतेय." दुसऱ्याला हात जोडा आणि पुढे चला.

४. तो कोणाचा माणूस आहे?

ब्रोकरेजचा दर कायद्याने ठरलेला नाही. आपल्याकडे साधारण एक महिन्याचं भाडं मागतात, आणि बरेच जण ते मालकाकडूनही घेतात. दोन्हीकडून घेणं हा गुन्हा नाही, पण तुम्हाला ते माहीत असायला हवं. "मालकाकडून किती घेताय?" हे न लाजता विचारा. रक्कम, कशासाठी आणि कधी द्यायची हे मेसेजवर लिहून घ्या. ब्रोकरेज करार नोंदवल्यावरच द्यायचं, हे आधीच ठरवा.

५. "नोटरी करून टाकू" म्हणतो का?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. खर्च वाटतो तेवढा नाही. समजा भाडं २५,००० रुपये, मुदत ३ वर्षं, डिपॉझिट १ लाख. एकूण भाडं ९ लाख, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांप्रमाणे ३०,००० धरा. ९ लाख ३० हजारांवर ०.२५ टक्के म्हणजे २,३२५ रुपये स्टॅम्प ड्युटी, वर महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी. एक लाखाच्या डिपॉझिटपुढे ही रक्कम काहीच नाही. जीएसटी नोंदणीला आणि बँकेतही हाच करार कामाला येतो.

या आठवड्याचं काम

तीन एजंटना हा एकच मेसेज पाठवा:

"नमस्कार. मला इतक्या फुटांचा गाळा हवा आहे, काम असं आहे, लोड इतका. जागा बघण्याआधी मालकीचा कागद, बांधकाम परवानगी आणि एमआयडीसी असल्यास पोटभाड्याची परवानगी यांचे फोटो पाठवाल का? करार नोंदणीकृत हवा. तुमचं ब्रोकरेज किती आणि कधी?"

तिघांची उत्तरं वहीत शेजारी शेजारी लिहा. कोणाबरोबर जागा बघायला जायचं ते तिथेच ठरेल. आणि तिघांपैकी कोणीच कागद पाठवले नाहीत, तर चौथा शोधा. गाळा एक महिना उशिरा मिळाला तर एक महिन्याचा धंदा जातो. चुकीचा मिळाला तर भांडवल जातं.