वस्तीवरच्या घरातील स्वयंपाकाचा गॅस : बिघाड कसा ओळखावा, निगा कशी राखावी

१ मे २०१६ रोजी प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू झाली आणि त्यानंतर वाड्या-वस्त्यांवरील अनेक घरांत गॅसची टाकी पोहोचली. चुलीच्या धुराचा त्रास कमी झाला. परंतु शेतावरचे घर आणि शहरातले स्वयंपाकघर यांत मोठा फरक आहे. आपल्याकडे एकाच खोलीत धान्याची पोती, खताच्या गोण्या, मोटारीचा स्टार्टर आणि गॅस असे सर्व काही असते. म्हणून गॅसची निगा राखताना केवळ टाकी न पाहता तिच्या शेजारी काय आहे हेही पाहणे आवश्यक आहे.

मागील रब्बी हंगामात हरभऱ्याच्या प्रात्यक्षिक प्लॉटच्या पाहणीसाठी मी एका वस्तीवर गेलो होतो. चहा ठेवता ठेवता घरातील ताई म्हणाल्या, "सर, दोन दिवस झाले, वास येतोय. टाकी संपत आली असेल." मी त्यांना काडी ओढू दिली नाही. रेग्युलेटर बंद केला, दारे-खिडक्या उघडल्या व सर्वजण अंगणात आलो. वास पूर्ण गेल्यावर पाहिले, तर ज्वारीच्या पोत्याआड गेलेली नळी उंदराने कुरतडली होती. तिथून दोन हातांवर भिंतीला मोटारीचा स्टार्टर होता आणि त्याला ऑटो स्विच बसविलेला होता. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्री येत होती. म्हणजे घर झोपेत असताना वीज आली की कोणी हात न लावताही स्टार्टरमध्ये ठिणगी पडणार होती. नळी त्या रात्रीच पूर्ण तुटली असती तर काय झाले असते, हे सांगायला नको.

गॅसचे गुणधर्म

घरगुती गॅस हा मुख्यतः ब्युटेन व प्रोपेन या वायूंचे मिश्रण असतो. दाबाखाली तो टाकीत द्रवरूपात राहतो. १ लिटर द्रवापासून सुमारे २५० लिटर वायू तयार होतो, म्हणून थोडी गळतीही मोठी ठरते. हा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने वर न जाता जमिनीलगत पसरतो, खड्ड्यात व पोत्यांच्या फटीत साचतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण २ ते ९ टक्के झाले की एक ठिणगी पुरेशी होते. मूळ गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे इथिल मरकॅप्टन मिसळतात. तेव्हा वास आला की 'टाकी संपत आली' असे न समजता तो गळतीचा इशारा समजावा.

गळती कशी शोधावी ?

वास उग्र असेल तर शोधत बसू नये. लेखाच्या शेवटी दिल्याप्रमाणे वागावे. नियमित तपासणीसाठी पुढील क्रम ठेवावा.

१. घरातील चूल, दिवा, उदबत्ती विझवावी. शेगडीच्या चाव्या बंद ठेवून रेग्युलेटर सुरू करावा.

२. वाटीभर पाण्यात साबणाचा दाट फेस करून तो रेग्युलेटर व टाकीचा जोड, नळीची दोन्ही टोके, संपूर्ण नळी आणि शेगडीच्या चाव्या यांवर लावावा. जेथे बुडबुडे येतील तेथे गळती आहे. पेटती काडी लावून गळती कधीही शोधू नये.

३. रेग्युलेटरच्या जोडावर बुडबुडे आल्यास व्हॉल्व्हमधील काळी रबरी रिंग खराब झालेली असण्याची शक्यता असते. रेग्युलेटर बंद करून काढावा, टाकीवर सुरक्षा टोपी बसवावी व वितरकाला कळवावे. रिंग किंवा व्हॉल्व्हची पिन स्वतः उचकटू नये.

४. नळीवर बुडबुडे आल्यास नळीच बदलावी. सायकलच्या ट्यूबची पट्टी किंवा चिकटपट्टी गुंडाळून काम भागवू नये.

ज्योत पाहून बिघाड ओळखा

ज्योत पिवळी, भांडी काळी : बर्नरला हवा कमी मिळते. हवेच्या छिद्रात धूळ, कोंडा किंवा कोळ्याचे जाळे अडकलेले असते. शेगडी थंड झाल्यावर बर्नर काढून ब्रशने साफ करावा. जेटचे बारीक छिद्र तारेने कोरू नये. ते मोठे होऊन गॅस जास्त येतो. पिवळ्या ज्योतीतून विषारी कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो.

ज्योत बर्नरपासून उचलली जाते, आवाज करते : हवेचे प्रमाण जास्त आहे किंवा दाब वाढला आहे. साफसफाईनंतरही तसेच राहिल्यास रेग्युलेटर तपासून घ्यावा.

ज्योत बारीक : एकच बर्नर बारीक असेल तर त्याचा जेट तुंबलेला असतो. दोन्ही बारीक असतील तर नळी दुमडली आहे काय, टाकी संपत आली आहे काय हे पाहावे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थंडीमुळे टाकीतील द्रवाची वाफ कमी होते व ज्योत मंदावते. हा बिघाड नव्हे. अशा वेळी टाकी गरम पाण्यात ठेवणे किंवा चुलीजवळ नेणे अत्यंत धोक्याचे आहे. 'शेवटचा गॅस निघतो' म्हणून टाकी आडवी करण्याची पद्धतही सोडावी. आडव्या टाकीतून वायूऐवजी द्रव नळीत येतो व आग भडकते.

जागा व मांडणी

१. टाकी नेहमी उभी, सपाट जमिनीवर ठेवावी. शेगडी टाकीपेक्षा उंच ओट्यावर असावी.

२. गॅस जमिनीलगत साचत असल्याने केवळ वरची खिडकी पुरत नाही. जमिनीलगत झरोका ठेवावा.

३. स्टार्टर व ऑटो स्विच स्वयंपाकाच्या खोलीत नसावा. तो स्वतंत्र पेटीत, घराबाहेर हलवावा.

४. नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी, तीवर आयएसआय चिन्ह असावे आणि ती पोत्यामागून न नेता डोळ्यांसमोर राहावी. आतून तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी वापरावी. खोलीतील उंदरांसाठी पिंजरे लावावेत व धान्य दुसरीकडे रचावे.

५. टाकी गोठ्यात किंवा खताच्या खोलीत ठेवू नये. मलमूत्रातून निघणारा अमोनिया पितळी भागांना मारक असतो. डिझेलचे कॅन व कडबाही दूर ठेवावा.

टाकी घेताना

टाकीवर कोरलेल्या रिकाम्या वजनात १४.२ किलो मिळवून ताणकाट्यावर खात्री करावी. वरच्या पट्टीच्या आतील बाजूस ए, बी, सी किंवा डी हे अक्षर व वर्ष लिहिलेले असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे त्या तिमाहीअखेर टाकीची चाचणी होणे आवश्यक असते. मुदत उलटलेली टाकी घेऊ नये. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणताना टाकी उभी बांधावी, वरून टाकू नये.

वास आल्यास

रेग्युलेटर बंद करावा. दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडते. विडी, चूल, दिवा विझवावा. मुलांना व वृद्धांना बाहेर न्यावे आणि घरापासून दूर जाऊन १९०६ या २४ तास चालणाऱ्या क्रमांकावर फोन करावा.

लक्षात ठेवा

रोज रात्री झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद. दर आठवड्याला नळीवरून नजर. प्रत्येक नवी टाकी जोडल्यावर साबणाचा फेस. दर पाच वर्षांनी नवी नळी, कुरतडलेली किंवा चिरलेली दिसल्यास त्याच दिवशी. मोटारीला ग्रीस आणि फवारणी पंपाला नवा वायसर आपण वेळेवर घालतोच; तीच सवय स्वयंपाकघरातल्या नळीलाही लावावी. त्या ताईंनी नवी नळी घेतली व आठ दिवसांत स्टार्टर बाहेर बसवून घेतला. आपल्या घरातील स्टार्टर कोठे आहे, हे आजच पाहावे.